आईसाठी केलेल्या सात थीम

माझ्या लॅपटॉपवर 'आई' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात सात फाइली आहेत, आई-१ पासून आई-७ पर्यंत. प्रत्येक फाइल म्हणजे ब्राउझरची एक थीम: खिडकीच्या वरच्या पट्टीचा रंग, टॅबचा रंग, त्यावरच्या अक्षरांचा रंग, आणि नवा टॅब उघडला की मागे दिसणारे चित्र. अशी थीम तयार करणे अवघड नसते. रंगांचे आकडे एका लहानशा फाइलीत लिहायचे, ती ब्राउझरला द्यायची, की पाच मिनिटांत खिडकीचे रूप पालटते. या सातही थीम मी अशाच पाच-पाच मिनिटांत केल्या. त्या पुन्हा पुन्हा का कराव्या लागत आहेत, याचा विचार करायला मात्र मला तेवढाही वेळ मिळाला नाही.

नारायण पेठेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. आई चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि नंतर दहावीच्या पाच मुलांची शिकवणी घरूनच, लॅपटॉपवर घेऊ लागली. मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केले, एका कंपनीत विश्लेषणाचे काम करते आणि त्या दिवसांत परदेशातल्या पीएच. डी.साठी अर्ज करत होते. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करीत असे. दिवसाचे तास मी आखून ठेवले होते आणि ते मोडले की मला त्रास होई.

गेल्या वर्षी आईच्या मानेत गाठ आली. तपासणीत ती क्षयाची निघाली. फुप्फुसांत काही नव्हते, त्यामुळे कुणाला लागण होण्याची भीती नव्हती. सहा महिने रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या होत्या. त्या देताना डॉक्टरांनी बजावले होते, "लघवीला केशरी रंग येईल, त्याला घाबरू नका. उलट्या किंवा कावीळ झाली तर या. नजरेत काहीही फरक वाटला तर त्याच दिवशी या."

मी ते शब्दशः लिहून घेतले. कॉलेजातल्या प्रयोगवहीची सवय मला सुटलेली नाही. आईच्या आजारासाठीही मी एक जाड वही केली आणि तिच्यात चार रकाने आखले: भूक, वजन, यकृत, दृष्टी. दर रविवारी सकाळी चहा झाला की मी वही उघडत असे. वजनासाठी काटा होता, यकृतासाठी रक्ताचे अहवाल होते. दृष्टीसाठी माझ्याकडे एक प्रश्न होता.

"आई, नीट दिसतंय ना?"

"तू दिसतेस समोर. आणखी काय बघायचं राहिलंय?"

मी लिहीत असे: ठीक.

आई-१ ही थीम गोळ्या सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत केली. आईच्या ब्राउझरमध्ये शिकवणीचे टॅब आणि घरचे टॅब यांचा काला होई. म्हणून मी तिला दोन वेगळ्या प्रोफाइल, म्हणजे एकाच ब्राउझरच्या दोन स्वतंत्र खिडक्या, करून दिल्या आणि त्यांना वेगळे रंग दिले. शिकवणीची खिडकी हिरवी, घरची लाल.

"वा," आई म्हणाली. "शाळेनं चौतीस वर्षांत भिंतींना रंग दिला नाही. तू एका दुपारी वर्गाला दिलास."

दीडेक महिना सगळे सुरळीत चालले. मग एके दिवशी संध्याकाळच्या तासाला आईने वर्गसमीकरणांऐवजी कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ मुलांसमोर उघडला. शेजारच्या खोलीत मला एका मुलीचा आवाज ऐकू आला, "टीचर, तुम्ही कारलं शेअर केलंय."

"समीकरणापेक्षा कमी कडू आहे म्हणून," आई म्हणाली, आणि खिडकी बदलली.

मला हसू आले. त्या रात्री जेवणाआधी मी रंग गडद करून दिले. ती आई-२. पुढच्या आठवड्यात तोच घोळ पुन्हा झाला आणि आईने मला विचारले, "तू रंग फिकट केलेस का गं?"

"नाही. उलट वाढवलेत."

"मग कुणी धुतलेत?"

हे वाक्य मी ऐकले. एखाद्या विद्यार्थ्याने त्याच्या अहवालात ते लिहिले असते, तर मी त्याखाली दोन रेघा मारल्या असत्या. आईच्या बाबतीत मी तीन शक्यता मांडल्या: लॅपटॉपचा पडदा जुना झाला असेल, खिडकीतून येणाऱ्या उजेडाची तिरीप पडत असेल, किंवा आईचे लक्ष नसेल. पहिली शक्यता मी रीतसर तपासली. तेच चित्र तिच्या आणि माझ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडले, उजेड सारखा केला, आणि दोन्हींकडचा लाल मला सारखाच लाल दिसला. निष्कर्ष: पडदा ठीक आहे. दुसऱ्या शक्यतेसाठी टेबल फिरवले आणि आई-३ केली. मग तिसरीच उरली. पाहणाऱ्याचे डोळे ही शक्यता माझ्या यादीत नव्हती, कारण त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना होता आणि त्यात दर रविवारी 'ठीक' लिहिलेले होते.

आई-४ केली त्या दिवशी माझ्या मुलाखतीची तारीख आली होती. मी टिपणे काढत बसले होते आणि आईने तिसऱ्यांदा हाक मारली. मी उठून गेले, तिच्या खांद्यावरून हात घालून स्वतःच माऊस धरला आणि आवाज चढवून म्हणाले, "आई, लक्ष देत जा ना जरा! वर लाल दिसतंय, म्हणजे घरचं. हिरवं दिसतंय, म्हणजे शिकवणी. एवढं सोपं आहे!"

आईने पडद्याकडे पाहिले. "मी पण मुलांवर असंच ओरडायचे," ती म्हणाली. "आता कळतंय, ओरडल्यानं सोपं होत नाही काही."

त्यानंतर तिने हाका मारणे कमी केले. शिकवणीची खिडकी ती नेहमी डावीकडे आणि घरची उजवीकडे ठेवू लागली. जागेवरून ओळखण्याची ही युक्ती तिने स्वतः शोधल्याचे पाहून मी तिचे कौतुकही केले. ती युक्ती कशाच्या बदल्यात आली आहे, हे मी विचारले नाही. आई-५ मध्ये रंगांच्या जोडीला चित्रे आली, एकीकडे फळा आणि दुसरीकडे स्वयंपाकघराचा ओटा. आई-६ मध्ये मी रंग काढूनच टाकले: शिकवणी पांढऱ्यावर काळी, घर काळ्यावर पांढरे.

"हे बरं आहे," आई म्हणाली. "मुकाट्यानं काम करतं."

दोन आठवडे एकही घोळ झाला नाही. त्या दोन आठवड्यांत माझी मुलाखत झाली आणि चांगली झाली. एक प्रश्न नीट सोडवला, तर घरातली शांतता परत येते, असे मी एका मैत्रिणीला सांगितल्याचेही मला आठवते. त्याच सुमाराला आईने बाहेरच्या खोलीत पेपर वाचणे सोडले होते आणि ती बातम्या ऐकू लागली होती. शेवटी तिने अक्षरे पुसट दिसतात असे म्हटले, तेव्हा मी ठळक अक्षरांची आई-७ केली, ब्राउझरमधला मजकूर दीडपट मोठा केला आणि चष्म्याचा नंबर तपासायला पुढच्या महिन्यात जाऊ, असे तिला सांगितले.

पुढचा महिना यायच्या आत टोमॅटो आले. एका दुपारी जेवायला बसताना मी पानातली कोशिंबीर पाहिली.

"हिरव्या टोमॅटोंची कोशिंबीर केलीस?"

"हिरव्या कशाला? लाल आहेत की." आईने वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली. मग ती उठली, टोपलीतला उरलेला एक टोमॅटो घेऊन गॅलरीत गेली आणि उन्हात धरून उलटसुलट पाहू लागली. भाजीच्या गाडीवर लाल आणि हिरव्या टोमॅटोंचे ढीग शेजारी असतात. "चिरताना कडक लागले," ती तिथूनच म्हणाली. "म्हटलं ताजे असतील."

मी पानावरून उठले नाही. नजरेतल्या फरकाबद्दलचे डॉक्टरांचे ते वाक्य मला शब्दशः पाठ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वाट पाहताना काम करता येईल म्हणून मी लॅपटॉप बरोबर घेतला होता. हेही इथे लिहायला हवे. डॉक्टरबाईंनी आईसमोर ठिपक्याठिपक्यांची रंगीत पाने धरली. प्रत्येक पानावर वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांचा एक आकडा दडलेला असतो. पहिल्यावर बारा होता, तो तिने सांगितला. दुसऱ्यावर मला आठ दिसत होता. आई बराच वेळ पाहत राहिली.

"यात आकडा आहे?"

"आहे, काकू. सावकाश बघा."

"जन्मभर आकडे शिकवले हो," आई म्हणाली, आणि पान परत केले.

पुढची पाने वेगाने उलटली गेली. तपासण्या झाल्या. डोळ्यांमागच्या नसेला इजा झाली होती. आईच्या गोळीतल्या औषधांपैकी एकाने क्वचित कुणाला असे होते. डॉक्टरबाईंनी ते औषध त्याच दिवसापासून बंद करायचे, अशी चिठ्ठी लिहिली आणि आईच्या पहिल्या डॉक्टरांना फोन केला. मग त्या आमच्याकडे वळल्या. "लवकर थांबवलं तर पुष्कळांची नजर परत येते. उशीर झाला तर सांगता येत नाही. म्हणून नेमकं सांगा, त्रास केव्हापासून होतोय?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," आई म्हणाली.

लॅपटॉप माझ्या मांडीवरच होता. मी फोल्डर उघडला, फाइली तारखेनुसार लावल्या आणि पहिल्या घोळानंतर केलेल्या आई-२ ची तारीख पाहिली.

"सात आठवडे," मी म्हणाले.

"नक्की?"

"तारखा आहेत."

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून सातही थीम एकेक करून पाहिल्या: लाल-हिरवा, जास्त लाल-हिरवा, त्याहून जास्त, मग चित्रे, मग काळे-पांढरे, मग मोठी अक्षरे. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही केल्यात? चांगल्या केल्यात," त्या म्हणाल्या. "यात लाल-हिरव्यातला फरक आधी जातो. घरात रोज तीच तपासणी चालू होती तुमची."

परतताना रिक्षात मी आईला विचारले, "तू आठ-दहा दिवस का सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. आठ-दहा दिवसांपासून अक्षरं दिसेनात. त्याच्या आधीचं मला वाटलं, माझंच लक्ष नसतं." ती बाहेर पाहत होती. "तू म्हणालीस ना तसं."

याला आता आठ महिने झाले. गाठ बरी झाली. माझी निवड झाल्याचे पत्र आले आणि मी जाणे एक वर्ष पुढे ढकलले. अक्षरे थोडी परतली. मोठी छपाई आई भिंगाशिवाय वाचते. रंग परतले नाहीत. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या की जे परत यायचे ते बहुतेक आले आहे. आईने मान हलवली आणि त्यांना "बरं" म्हटले, एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर म्हणत असे तसे.

घरी आल्यावर तिने पाचही मुलांच्या घरी फोन केले आणि शिकवणी बंद केली. मी अडवू पाहिले. अक्षरे आणखी मोठी करू, तू नुसते तोंडी सांग, मी शेजारी बसते, असे बरेच काही म्हणाले.

"परवा एकाचं उणे चिन्ह मला दिसलं नाही," आई म्हणाली. "मी उत्तर बरोबर म्हणून सांगितलं. त्यानं ते तसंच वहीत लिहून ठेवलंय. आता ती प्रोफाइल काढून टाक."

ब्राउझरने खात्री करून घ्यायला एकदा विचारले. मी हो म्हटले. एक खिडकी नाहीशी झाली. उरलेलीला आता थीमची गरज नव्हती. मी ती मूळच्या करड्या रंगावर आणून ठेवली.

मग मी जुनी वही काढली. प्रयोगवहीत चुकीची नोंद गिरवून नाहीशी करत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारतात, म्हणजे खालचे वाचता येते, आणि शेजारी बरोबर नोंद लिहून सही करतात. त्या सात आठवड्यांच्या सात 'ठीक'वर मी रेघा मारल्या आणि फोल्डरमधल्या तारखा पाहून शेजारी लिहू लागले.

आई समोरच्या खुर्चीवर बसली होती. "काय लिहितेस? वाच की."

मी वाचले. "पहिला आठवडा. लाल आणि हिरव्यात गल्लत. दुसरा आठवडा. रंग धुतल्यासारखे दिसतात. तिसरा. उजेड बदलूनही फरक नाही. चौथा. दोन खिडक्या रंगावरून ओळखता येत नाहीत."

"चौथ्याला तू ओरडली होतीस."

"ते नोंदीत येत नाही, आई."

"का? घडलं की नाही? लिही."

मी लिहिले, आणि सही केली.