साडूचा जामीनदार

साडूच्या बॉण्डवर जामीनदार म्हणून मी सही केली. तो बॉण्ड करून घ्यायची कल्पनाही माझीच होती.

शिकायची हौस असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण शिकून झाल्याबरोबर त्या गोष्टीकडे ढुंकूनही न बघणारा माणूस त्रिभुवनात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीला मिळाला. हा आमचा साडू बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचा. एकदा त्याने तबला धरला. सकाळ-संध्याकाळ बडवून सगळी आळी जागी ठेवली, आणि ज्या दिवशी तीनताल हाताला बसला त्याच दिवशी तबला-डग्गा समोरच्यांना देऊन टाकला. पुढे शिवण शिकला. बायकोला एक ब्लाउज असा फर्मास शिवून दिला की बायका उलटून-पालटून बघत होत्या. दुसरा काही शिवला नाही. त्या शिलाई मशीनवर मग टीव्ही विराजमान झाला. उल्हासनगरला पँटपीस आणायला गेला तो दुकानदाराशी गप्पा मारत बसला, आणि असं सहा-सात रविवार करून पँटपीसऐवजी सिंधी भाषा घेऊन आला. विचारलं, तर म्हणायचा, "आलं की हो! आलेलं परत परत काय करत बसायचं?"

या उद्योगांचं आमच्या सासूबाईंना अपार कौतुक. "धाकट्या जावईबापूंच्या अंगात कला आहे," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. थोरल्याच्या अंगात काय आहे, याबद्दल त्यांनी कधी मत दिलं नाही. मला त्या फक्त आणखी भात हवा का, ते विचारत. मी हवा म्हणायचो. दुसरं काही मिळण्यासारखं दिसत नव्हतं.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होतो. मी पर्सोनेलला, तो पॅकिंगला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपनीने पॅकिंगचं एक परदेशी मशीन मागवलं आणि ते शिकायला सहा महिने बंगलोरला कोणाला तरी पाठवायचं ठरलं. जाणं-येणं, गेस्ट हाउस, जेवणखाण, सगळं कंपनीच्या खर्चाने. मी ताबडतोब अर्ज केला. पर्सोनेलच्या माणसाचा पॅकिंग मशीनशी काय संबंध, असा प्रश्न साहेबांना पडला. मला तो पडला नव्हता. निवड झाली ती अर्थातच साडूची.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मात्र एकदम सुचलं. साहेबांना म्हटलं, "माणूस हुशार आहे, पण शिकला की उडतो. बांधून घ्या." साहेब खूश झाले. तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडल्यास प्रशिक्षणाचा सगळा खर्च परत. त्याने न दिल्यास कंपनीतल्या एका कायम कर्मचाऱ्याने जामीन राहून आपल्या पगारातून भरायचा. हे शेवटचं कलम मी फार प्रेमाने लिहिलं. आता बस तीन वर्षं एका जागी, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

रविवारी हेंद्रेपाड्याला जेवायला बोलावणं होतं. पानं उचलल्यावर साडूने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "साडूभाऊ, इथे कोणी पर्मनंट माणूस लागतो म्हणे. मला तुमच्याशिवाय कोण आहे?"

सासूबाई, मेहुणी आणि आमची ही, तिघी माझ्याकडे बघत होत्या. मी खिशातलं पेन काढलं आणि झोकात सही ठोकली. सासूबाई म्हणाल्या, "थोरले आहेत हो मनाने मोठे." आयुष्यात मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट. त्या नादात मी आणखी भात घेतला.

बंगलोरहून तो मशीन शिकून आला, शिवाय कन्नडही. वर्ष भरत आलं असेल. एक दिवस पॅकिंगकडून जाताना बघतो, तर मशीन एकदाही न अडता धडधडतंय आणि शेजारी स्टुलावर बसून साडू उसासे टाकतोय. तीनताल बसला त्या दिवशीचा उसासा मी ऐकला होता. आठवड्याने राजीनामा!

साडूकडे शिल्लक अशी कधी नसायचीच. तेव्हा वसुलीचं पत्र जामीनदाराला पाठवायचं ठरलं, आणि असली पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. मी स्वतःला पत्र लिहिलं, स्वतःच आवक करून घेतलं, पोच दिली. मसुदा इतका कडक उतरला होता की वाचून मीच घाबरलो. वर्षभर पगाराला कात्री, आणि दिवाळीला घ्यायचा फ्रिज गेला.

ते पत्र घेऊन तावातावाने हेंद्रेपाडा गाठला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, आधी पाणी प्या, मग भांडा." साडू शर्ट चढवतच बाहेर आला. "बरं झालं आलात. चला, शेठकडे जायचंय."

शेठचा उल्हासनगरात पापडांचा कारखाना. त्याने कुठून तरी एक जुनं पॅकिंग मशीन उचललं होतं आणि ते कुणाच्या बापाला चालवता येत नव्हतं. साडूने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याच्यापुढे धरलं. शेठने आकडा पाहिला. मी डोळे मिटून घेतले.

"बस? इतना ही?" शेठ म्हणाला. "मेरेको लगा, आदमी महंगा पड़ेगा." आणि गल्ल्यात हात घातला. मग माझ्याकडे बघून, "और ये साब कौन?"

"आमचे साडू. माझ्यासाठी जामीन राहिलेत. सख्खा भाऊ राहणार नाही, साईं!"

"अच्छा. तो इनको चाय पिलाओ."

फ्रिज वाचला, पगार वाचला. आनंदाने नाचायला हवं होतं. पण मी बशीत ओतलेला चहा तसाच निवत ठेवला. नोकरीच्या इतक्या वर्षांत कितीतरी वसुल्या केल्या. पण एखादा माणूस आपल्याकडे यावा म्हणून कोणी हसत पैसे मोजतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. तोवर साडू मशीनचं झाकण उघडून आत डोकं घालून बसलाही होता. बायकोला पहिला पगार दाखवणाऱ्या माणसासारखा चेहरा झाला होता त्याचा. वाटलं, इतकं खूश होऊन मी कधी कुठल्या कामावर बसलो होतो? आठवेना.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मेथी निवडायला घेतली. मी जरा वेळ घुटमळलो. मग विचारलं, "समजा, उद्या मीच ही नोकरी सोडली, तर कंपनी माझ्याकडून काय वसूल करेल गं?"

तिने मानही वर केली नाही.

"वसुली कशाची करणार? तुम्हाला कुणी काही शिकवलंय कुठे? फार तर टेबलाची किल्ली मागतील."