कडेची खुर्ची

पहाटे साडेचारला तिचा दिवस सुरू व्हायचा. घरोघरी जाऊन कुटुंबांचे फोटो काढणं हा तिचा धंदा; सगळे तिला फोटोवालीच म्हणत. कॅमेरा, तिवई, दोन दिवे, पडदा, तारा मिळून अठरा किलो. ते खांद्यावर टाकून ती चार जिने चढायची आणि वर पोचल्यावर पाणी मागायची नाही. आधी काम.

काम म्हणजे बटण दाबणं नव्हे. सोफा ओढायचा, टीव्ही झाकायचा, अंगाने भरलेली माणसं आधी बसवायची, उंच मागे उभी करायची. नवरा-बायकोचं बिनसलेलं असेल तर मधे लेकरू ठेवायचं. कुणालाही ‘पोट आत घ्या’ म्हणायचं नाही. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणायचं. तीस वर्षांत तिने एकही वाईट फोटो दिला नव्हता.

हौसेने धरलेला धंदा नव्हता हा. नवरा वारला आणि महिन्याच्या आत मोठ्या जावेने तिला दोन पिशव्यांसह दाराबाहेर काढलं. “खाणारं एक तोंड कमी झालं, आता दुसरंही जाऊ दे,” असं शेजाऱ्यांदेखत म्हणाली. ते वाक्य फोटोवालीने तीस वर्षं गिळलं नाही की थुंकलं नाही. दाढेखाली धरून ठेवलं.

एके दिवशी एका तरुणाचा फोन आला. घरातल्या अकरा जणांचा फोटो काढायचा होता. पत्ता तिच्या सासरचाच होता. फोन करणारा जावेचा मुलगा, तिचा पुतण्या होता. ती बाहेर पडली तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला कुठून ठाऊक असणार?

दार जावेनेच उघडलं.

“अगं बाई, तू! अजून ओझीच वाहतेस का गं?”

“वाहते, जाऊबाई. पाठ ताठ राहते. चला, बसून घ्या, उजेड जातोय.”

बैठकीची खोली अरुंद होती. अशा खोलीत सगळे मावायला रुंद भिंग लावावं लागतं, आणि त्या भिंगाची एक खोड असते: अगदी कडेला बसलेलं माणूस ताणलं जातं, पसरतं. म्हणून फोटोवाली कडेला कधी माणूस ठेवत नसे. फार तर एखादी कुंडी. आज तिने आरामखुर्ची ओढून बरोबर कडेला लावली.

“मी मधे नको?” जाऊ म्हणाली.

“मधे काय, पोरंटोरं बसतात. मानाची खुर्ची वेगळीच शोभते.”

जाऊ खुशीत येऊन ऐसपैस बसली. बटणावर बोट ठेवताना फोटोवालीला तीस वर्षांचं काम आठवलं. जाणूनबुजून काम बिघडवायचं? मग तिने बाकीच्या दहा जणांवर दुप्पट मेहनत घेतली. कॉलर सरळ केल्या, हनुवट्या उचलल्या, चष्म्यांवरची चमक घालवली. एकोणीस वेळा बटण दाबलं.

दोन दिवसांनी ती फोटो घेऊन गेली. दहा जण कधी नव्हे इतके देखणे आले होते. कडेला जावेचं तोंड भोपळ्यासारखं फुगलेलं, गाल खांद्यावर उतरलेला.

“ही मी? फाडून टाक तो! परत काढ!”

“काहीतरीच काय, आई,” सून म्हणाली, “किती छान आलोय सगळे!”

“तू अशीच दिसतेस, आई,” पुतण्या म्हणाला. “रोज बघतो ना आम्ही.”

घरात अकरा जण, त्यांतले दहा खूश. जावेने फोटोवालीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, पण सांगणार कुणाला? सांगायला गेली तर तीस वर्षांपूर्वीचं दार पोरांसमोर उघडावं लागलं असतं.

“मोठा करून भिंतीवर लावायला हवा,” सून म्हणाली, “पण केवढ्याला पडेल!”

“ते माझ्याकडे लागलं,” फोटोवाली म्हणाली. “घरचंच समजा.”

त्यात तिची पाच महिन्यांची कमाई गेली. साडेचार फुटांची छपाई, जाड काच, सागवानी चौकट. ती चौकट तिने हमाल न लावता स्वतः वर चढवली आणि सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर, जाऊ दिवसभर बसते तिथून नीट दिसेल अशी, सहा खिळ्यांवर पक्की टांगली.