दिव्यामागे एक रुपया

जिनिंगमध्ये काम केलं की कापूस अंगाला चिकटतोच. कितीही झटका, घरी गेल्यावर कानामागे थोडा सापडतोच! किस्स्यांचंही तसंच आहे.

मी हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. लढाईचे दिवस, घासलेट मिळेना. शेठजी म्हणाले, "गल्लीत वीस दिव्यांची गिऱ्हाइकं भरा, संध्याकाळी आपल्या इंजिनावरून वीज देतो. एकोणीस भरले तर तार नाही!"

मीटर नव्हतंच. दिव्यामागे महिन्याला सरळ एक रुपया. खर्चाचा अंदाज सांगत दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं. मला तर भारी घाई! माझी बायको सरू कंदिलापुढे शिवायला बसायची आणि तिचे डोळे सारखे गळायचे. ते बघवत नव्हतं.

*

पहिलंच घर गोदामावशीचं. रुपया ऐकून तिनं बोटं मोजली.

"पुनवेच्या मागचे-पुढचे आठ दिवस अंगणात चांदणं असतं. तेवढं काट!"

"मावशी, चांदणं काही आमचं नाही."

"मंग त्याचे पैसे तुमी काहून घेऊन राहिले?"

मी हे सांगितल्यावर शेठजी पोट धरून हसले आणि मावशीचे चार आणे कापले.

*

सेनगावकडचे एक पाटील गल्लीत राहायचे. ते सगळं घासलेटच्या बाटलीवर मोजत.

"रुपयात वीज किती बाटल्या पडंल?"

मी ठोकून दिलं, "चार."

"अन् उरली तं परत घेता का?"

"नाही."

"मंग दोन दिवे लाव. एकातली उरली तं दुसऱ्यात वापरू!"

*

इंजिन सांभाळायचे महबूब उस्ताद. नुसत्या आवाजावरून किती दिवे लागलेत ते सांगायचे. शेठजींचा विश्वास बसेना. तेव्हा वीज फक्त शेठजींकडेच होती, चार दिवे.

"आता किती लागलेत?"

"पाँच."

"चार!"

"पाँच, शेठजी!"

शेठजी तावातावानं बंगल्यावर गेले. शेठाणीबाईंनी देवघरात गुपचूप पाचवा लावला होता!

*

एकोणीस दिवे भरले, विसावा मिळेना! राहिले होते रंगनाथ आणि विठोबा, सख्खे भाऊ. वाटणी झाली, मधे भिंत आली आणि पाच वर्षं बोलणं बंद. रुपया एकालाही परवडेना. मी भिंतीतला कोनाडा आरपार पाडला, मधोमध एक दिवा टांगला. आठ-आठ आणे! बटण मात्र एकच, ते रंगनाथच्या बाजूला.

पहिली संध्याकाळ. गल्ली उजळली! इंजिनघरातून उस्ताद ओरडले, "एक कम है!"

शेठजी आणि मी धावलो. रंगनाथ बटणाखाली मांडी घालून बसलेला.

"त्यानं म्हणावं, मंग लावतो."

शेठजी म्हणाले, "विसावा लागला नाही, तर उद्या तार काढतो!"

 सरूचा दिवा गेला म्हणायचा!

तेवढ्यात भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "दादा, दिवा लाव की."

रंगनाथ ताडकन उठला. "लावतो रे, लावतो! कवाचा वाट पाहून राहिलो!"

तिकडून उस्ताद ओरडले, "गली के बीस!"

*

पुढच्या महिन्यात शेठजींनी दर निम्मा केला. मी ती खबर घेऊन पळतच दोघा भावांकडे गेलो.

"आता तेवढ्याच पैशात दोघांना वेगळा दिवा, वेगळं बटण!"

कोनाड्याच्या दोन्ही बाजूंनी दोघं एकदम ओरडले,

"काहून? आमचं एकातच भागून राहिलं!"