आकडेवाली आणि भट्टीवाला

प्रयोगशाळेत तिला सगळे आकडेवाली म्हणत. सोलर सेल बनवण्याआधीच तो किती वीज देईल, हे कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे तिचं काम. सध्याच्या सेलच्या धातूच्या पट्ट्या सगळ्या पाठीवर होत्या, म्हणजे पुढून उन्हाला आडकाठीच नाही. तिचा कॉम्प्युटर सांगे, उन्हातल्या सव्वीस टक्के ऊर्जेची वीज होईल. प्रत्यक्ष सेल बनवणाऱ्या भट्टीवाल्याची गाडी मात्र तेवीसच्या पुढे सरकेना.

"कॉम्प्युटरवर काय, कुणीही वीज काढेल!" जेवणाच्या टेबलावर तो मुद्दाम मोठ्यांदा म्हणायचा. ती शेजारी बसूनही वर बघायची नाही. मग तो आणखीच पेटायचा. केवढा तोरा बाईचा!

ती घरी नवऱ्यापाशी कुरकुरायची, "भट्टी ह्यांची बिघडलेली, आणि खापर माझ्या डोक्यावर."

शेवटी प्रमुखबाई वैतागल्या. "आत जा दोघं. निकाल लागल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

पांढरा पोशाख, टोपी, मास्क चढवून ती पहिल्यांदाच त्याच्या खोलीत शिरली. धूळ गाळणाऱ्या पंख्यांचा नुसता घोंघाट. तो काहीतरी समजावत होता, ती त्याच्या डोळ्यांकडे बघत उभी. त्याने पुन्हा सांगितलं. तिने बाहेर चला अशी खूण केली.

बाहेर येऊन तिने मास्क काढला. "माझा डावा कान पार गेलाय, उजवा अर्धा. ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही."

तो ओशाळला आणि त्यानेही मास्क काढला. "म्हणजे जेवताना मी जे बोलायचो..."

"काय बोलायचात?"

"काही नाही. भाजी अळणी आहे म्हणायचो."

ती खळखळून हसली. मग त्याने डबीतून सेल काढून उलटा धरला. पाठीवर बारीक पट्ट्यांची रांग, आणि कडेला एक रुंद पट्टा.

"हा कसला?"

"सगळ्या पट्ट्यांची वीज इथे गोळा होते."

"अहो, हा माझ्या गणितात नाहीच! मी धन-ऋण पट्ट्यांची एकच जोडी मांडते, आणि सगळा सेल तसाच धरते."

तिने तो पट्टा गणितात घातला. त्या रुंद पट्ट्यावरच्या भागातली वीज गोळा होण्याआधीच विरत होती, आकडा घसरून तेवीसवर आला. इतके दिवस मिरवलेला सव्वीस गेला, म्हणून ती खट्टू झाली.

"अहो, पट्टाच अरुंद केला तर?" त्याने विचारलं.

दोघांनी मिळून बरीच मापं करून पाहिली. फार अरुंद केला की वीज वाहताना अडायची. शेवटी जमेल असं एक माप सापडलं, आणि त्याने सेल बनवला. उन्हासारखा उजेड देणाऱ्या दिव्याखाली ठेवून तो मोजला. आकडा चोवीसच्या थोडा वर जाऊन थांबला.

"कॉम्प्युटर साडेचोवीस म्हणत होता," ती म्हणाली.

"असू दे हो. माझ्या भट्टीतून एवढा कधीच निघाला नव्हता," तो म्हणाला आणि प्रमुखबाईंना बोलवायला धावला.