बावन्न आणि अठ्ठेचाळीस

माझ्या थोरल्या भावाने वाडीच्या वाटणीत मला फसवलं. नऊ वर्षं हे वाक्य मी अख्ख्या थळ गावाला ऐकवलंय, म्हणून सुरुवातही त्यानेच करतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शून्यातून तीन टेम्पो उभे केले, तेही डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक गोणी न उचलता...

वडील गेल्यावर नारळाच्या वाडीचे दोन भाग झाले. मधला दगड दादाने रोवला. मी माझा भाग चालून मोजला, अठ्ठेचाळीस पावलं. दादाने त्याचा मोजला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "बावन्न." त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे पुतणीचं लग्न झालं, मांडव माझ्या ओटीवरून दिसत होता. मी गेलो नाही.

यंदा टेम्पोच्या बुकिंगसाठी वेबसाइट हवी होती. अलिबागच्या माणसाचा दर ऐकला आणि त्याला वाटेला लावलं. म्हटलं, स्वतः शिकतो. सून सायली घरूनच कंप्युटरचं काम करते. तिने जावास्क्रिप्टचा पहिला धडा दिला — दोन आकडे टाकायचे. प्रोग्रॅम सांगणार, पहिला मोठा, दुसरा मोठा, की दोन्ही समान.

दुपारी जेवून ओटीवर बसलो होतो. नऊ आणि वीस टाकले. बरोबर. शंभर आणि नव्याण्णव. बरोबर.

"बाबा, आता तुमच्या मनातले टाका."

माझ्या मनातले आकडे ठरलेलेच. बावन्न, अठ्ठेचाळीस.

स्क्रीनवर आलं — दोन्ही समान.

"हे असलं शिकवतेस?" मी ओरडलो.

"ओरडून काय होणार, त्याला कान नाहीत," ती म्हणाली आणि स्वतः टाइप केलं. समान. आकडे उलटे टाकले. समान. बावन्न-सत्तेचाळीस मात्र बरोबर, एक्कावन्न-अठ्ठेचाळीसही बरोबर. तिने सगळं पुसून नव्याने लिहिलं. तरी तेच. शेवटी तिने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला.

"मशीन खोटं बोलतंय. चल, दाखवतो."

मी लांब टेप घेतली, दुसरं टोक सायलीने धरलं. माझा भाग भरला अडतीस मीटर चाळीस सेंटीमीटर. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा तो दगड ओलांडला. दादाचा भाग... अडतीस मीटर चाळीस.

दादा माडाखाली नारळ सोलत होता. वर न बघता म्हणाला, "मोजलंस एकदाचं? तुझी ढांग बघ, नि माझी बघ."

मी सहा फुटी. दादा माझ्या खांद्याला लागतो.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस व्हय?"

पावलांचं कोडं सुटलं. पण प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलं? घरी येऊन तेच आकडे टाकले — पहिला मोठा. त्यानंतर कितीदा टाकले, 'समान' पुन्हा आलं नाही. सायलीच्या ऑफिसातल्या लोकांनी कोड तपासला, चूक सापडली नाही. फोटो अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे.

वाडीतून निघताना दादाने विचारलं होतं, "पोरीच्या लग्नाला आला न्हाईस, त्याचं काय?"

हा प्रश्न मला का? ज्याने कोणी तो निकाल दाखवला, त्याला सगळं ठाऊक होतं ना? मग मांडव उभा होता तेव्हा का नाही दाखवला? तो कुणीही असो... जबाब त्याने द्यायचा, मी नाही.