अर्धं आयाचं, अर्धं आबाचं

"हा सिकल सेल डिसीज आहे. दोघांकडून आलेला. अर्धा आईकडून, अर्धा वडिलांकडून," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी आया, म्हणजे आई, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तेवढं ऐकलं आणि ती भिंतीकडे तोंड करून खाली बसली.

आधी आजार समजून घ्या, रडायचं नंतर. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मागचं रक्त अडवतात. मग हाडं दुखतात. 'दुखतात' हा शब्द दवाखान्याचा. मला तर कुणी आत बसून लाकडं फोडतंय असं वाटायचं.

मी विसरवाडीकडच्या गावातली. मावची आदिवासी, ख्रिस्ती. आरोग्याच्या हक्कांची पत्रकं वाटते, मोर्चात घोषणा देते. लहानपणापासून माझे हातपाय दुखायचे. कुणी म्हणायचं वात, कुणी म्हणायचं शेतात जायला नको म्हणून नाटक. डोळे पिवळे झाले की कावीळ समजून पाला बांधायचे. रक्त तपासा, असं एकाही शहाण्याने सांगितलं नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.

यंदा भातकापणीत दुखणं फार वाढलं. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, माझ्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली. आमच्या मंडळीत उपास म्हणजे साबुदाणा नव्हे. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि प्रार्थना ज्याच्यासाठी, त्याने सगळ्यांच्या आधी धरायचा. मी धरला, तोही खळ्यावरच्या उन्हात. दुसऱ्या दिवशी मला श्वास घेता येईना. आबांनी, म्हणजे वडिलांनी, शेजाऱ्याच्या जीपमधून सरकारी दवाखान्यात आणलं.

"याला क्रायसिस म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगातलं पाणी कमी झालं की या पेशी जास्त वाकतात. हिला पाणी हेच औषध आहे, आणि तुम्ही तेच बंद केलंत?"

प्रार्थना करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी माझ्यासाठी गुडघे झिजवले. पण देवाने पाणी केलं ते काय नुसतं बघायला?

दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. एका हाताला सलाईन, दुसरा हात सुजलेला, कूस बदलता येत नाही. खिडकी होती, पण तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. दार दिसायचं, तिथवर जाता यायचं नाही. आणि पळून जाऊ म्हटलं तरी कुठे? माझं रक्त माझ्याबरोबरच येणार.

त्याहून वाईट म्हणजे आया. तिने पाणी सोडलं.

"आया, पी ना."

"तुझ्यासाठी उपास धरलाय. मी दिलं, मीच फेडते."

भेटायला आलेल्या एका आत्याने तर तिच्यासमोरच म्हटलं, "आईकडचंच रक्त खराब असणार." आबा तिथेच बसले होते. अर्धं आबांचं, तरी भिंतीकडे तोंड एकट्या आयाचं! कुठल्या शास्त्रात बसतं हे?

आयाचे ओठ फुटले होते. मी बांधल्यासारखी पडून बघत होते. मी मेले तरी ही उरली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं, आणि हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

शहाद्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या एक नर्सताई होत्या. त्या कमरेवर हात ठेवून आयासमोर उभ्या राहिल्या. "काय वं माय, तुन्हा देवनी सांगं का तुले, पानी पेऊ नको म्हनीसन? मायलेकी दोन्ही खाटवर पडन्यात ते सेवा कोन करी, मी का?"

आया हसली नाही. मग डॉक्टरबाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "मावशी, ऐका. या आजाराचं अर्धं ज्याच्यात असतं, त्याला मलेरियाचा ताप सहसा जीवघेणा होत नाही. पूर्ण मिळालं की दुखणं, अर्धं असलं की ढाल. तुमची माणसं या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यात या अर्ध्याचाही हात आहे."

आया आमच्या बोलीत म्हणाली, "मी लहान असताना पाड्यात थंडीताप आला. मोठा भाऊ गेला. त्याच खाटेवर मी होते. मला वाटायचं, देवाने मला चुकून ठेवलं."

"चुकून नव्हे," आबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली तिच्या हातात दिली. आया प्यायली. घटाघटा, थेट गळ्यावर सांडत.

मी डोळे मिटून पडले. जे माझी हाडं फोडत होतं, त्याच्यातल्या अर्ध्याने माझी आई माझ्यासाठी राखून ठेवली असेल. देवाच्या हातचं काम असंही असतं, धारदार. ते गोड आहे असं मी म्हणणार नाही. पण आभार मानायला गोडच लागतं, असं कुणी सांगितलं?

आता मी हायड्रॉक्सीयुरिया घेते. पेशी कमी वाकाव्यात म्हणून रोजची गोळी. ज्यांची हाडं अशी दुखतात त्यांनी रक्त तपासा. लग्न ठरवण्याआधी दोघांनी तपासा. आणि कुणाच्याही आईकडे बोट दाखवू नका.

घरी आल्यावर रविवारी उपासनेत मंडळीचे पुढारी म्हणाले, "आपली बहीण देवाने बरी केली. बेटा, साक्ष दे, देवाने काय केलं ते सगळ्यांना सांग."

मी उठले. "मी बरी झालेली नाही. हा आजार जन्मभर राहणार. माझ्या आईबापाने मला अंग दिलं, आवाज दिला, हे रक्तही दिलं. सगळ्याबद्दल देवाचे आभार."

साक्ष संपली की सगळे 'आमेन' म्हणतात. कुणी म्हणेना. पुढारी स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

मग बायकांच्या रांगेतून एकच आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. आयाचा.