मडगार्डाखालची हळद

फरीदाबादच्या माझ्या दुकानात येणारा प्रत्येक नवा माणूस आधी एकच विचारतो, "सिर्फ चिपकाओगे? पेंच नहीं लगाओगे?" मी म्हणते, तुमच्या बसची पुढची काच कशाने धरलेली असते ते सांगा. मग गाडी आत घेतात. नवरा फौजेतून निवृत्त झाला तेव्हा त्याच्या बरोबरीचे गावी परतले, आम्ही इथेच राहिलो. मी काचा बसवण्याच्या कारखान्यात लागले आणि हा काळा गोंद शिकले. आता स्वतःचं दुकान आहे. मी चिकटवलेलं निघत नाही. याला कुणी फुशारकी म्हटलं तरी चालेल.

काका आले ते मुलाबरोबर. निवृत्त इंजिनिअर, नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेले, आता आमच्याच बाजूला राहणारे. त्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधली होती. दोन माणसांची, छप्पर नाही, दरवाजे नाहीत, वजन म्हणाल तर आमच्या कपाटाएवढं. पुढची चाकं उघडी, आणि प्रत्येकावर फायबरचं छोटं मडगार्ड, लोखंडी पट्टीवर नुसतं गोंदाने बसवलेलं. भोक पाडलं की फायबर तिथूनच तडकतं, तेव्हा गोंदच बरा. काकांची पद्धत बरोबर होती.

तरीही डावं मडगार्ड रस्त्यात उडालं होतं आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात जाऊन आपटलं होतं. तो थोडक्यात वाचला.

"ताई, ही लास्ट टाइम," मुलगा मला म्हणाला. "परत निघालं तर मी गाडी विकणार. बिल्कुल." आदल्या वर्षी त्यांची बायको गेली होती. मुलानेच नंतर सांगितलं की तेव्हापासून बाबा घराबाहेर पडतात ते फक्त या गाडीसाठी. गाडी गेली तर माणूस खाटेला लागणार, हे त्यालाही कळत होतं, पण मोटरसायकलवाला त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मी गाडीच्या डाव्या पट्टीवर उजेड धरला. चांगला गोंद तुटतो तेव्हा फाटतो, थोडा इकडे राहतो, थोडा तिकडे. इथे लोखंड साफ उघडं होतं आणि सगळा गोंद मडगार्डाबरोबर निघून गेला होता. मधोमध पिवळी-लाल बोटं ओढलेली दिसत होती. त्यांनी उचलून आणलेल्या मडगार्डाच्या गोंदात तीच बोटं उलटी होऊन उमटली होती.

माझं डोकंच सरकलं. "काका, हे काय? गोंदाखाली तेल? इंजिनिअर ना तुम्ही?"

"खंडेनवमीची पूजा," काका म्हणाले. "ही होती तेव्हाची. मी पट्ट्या घासून-पुसून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर मडगार्ड बसवायचं ठरलं होतं. ती तेलात हळदकुंकू कालवून घेऊन आली आणि दोन्ही पट्ट्यांवर लावलं."

"मग सकाळी पुसायचं नाही का?"

"मला माहीत होतं हो, तेलावर गोंद धरत नाही म्हणून. पण तिने लावलेलं कुंकू मी पुसू? तेही तिच्या देखत?"

माझा नवरा सीमेवर राहून आलेला माणूस आहे, त्याचाही हात धजला नसता.

दोन्ही पट्ट्यांवर लावलं म्हणजे उजवं मडगार्डही आज ना उद्या उडणार. मी काच काढायची तार गोंदात घालून ते कापून काढलं. तिथली बोटं तर अगदी स्वच्छ उमटलेली होती, करंगळीपर्यंत. मुलगा वाकला.

"ही आईची बोटं?"

काकांनी मान हलवली. मुलगा तसाच वाकून, आवाज एकदम बारीक करून म्हणाला, "बाबा, रहने दो ना. गाडी घरीच उभी ठेवू. नाही विकणार मी, यार. फक्त हे पुसू नका."

पण काम ते काम. मी म्हटलं, "पुसल्याशिवाय चिकटणार नाही. उभीच ठेवायची असेल तर सांगा, मी गोंदाची नळी उघडतच नाही."

"उघडा," काका म्हणाले. मग मुलाकडे वळले. "अरे, गाडी सुखरूप चालावी म्हणून लावलं होतं तिने. उभी राहावी म्हणून नाही."

थिनरचं फडकं घेऊन त्यांनी डावी पट्टी पुसली. न थांबता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मग पॉलिश पेपरने घासली, परत पुसली. हात कुठे अडला नाही. मग दुसरं कोरं फडकं भिजवून त्यांनी मुलापुढे धरलं.

मुलाने बराच वेळ ते घेतलं नाही. घेतलं तेव्हा आधी बोटांच्या भोवतीचं लोखंड पुसलं, कडा पुसल्या, आणि शेवटी डोळे मिटून मधलं. मी बोट फिरवून पाहिलं. बोट घसरलं.

"अजून तेल आहे," मी म्हटलं. "परत पूस."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच वैरीण. पण रस्त्यावर पुन्हा कुणाच्या तरी पुढ्यात हे मडगार्ड पडायला नको होतं. त्याने पुन्हा पुसलं, या वेळी डोळे उघडे ठेवून.

मी प्रायमर लावला, गोंदाची सरळ रेघ ओढली, मडगार्डं बसवली आणि टेपने बांधून टाकली. आता निघणार नाहीत. परवापर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं बजावून मी आवराआवर करायला घेतली.

थिनरची फडकी एका ठिणगीने पेट घेतात, म्हणून माझ्याकडे ती पाण्याच्या डब्यात जातात. हा दुकानाचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी सोडत नाही. काकांनी त्यांचं फडकं डब्यात टाकलं. मुलाने आपल्या फडक्याची नीट घडी केली, पिवळी बाजू आत घेऊन, आणि खिशात ठेवली. मी डब्याचं झाकण लावून टाकलं.